बाकावर ठेवलेलं ताट

दुपारची जेवणं झाली की सारिकाचं सासरचं घर हळूहळू पाण्याखाली जायचं. निदान तिला तसं वाटायचं. घरापुढच्या खळ्यातल्या माडांच्या सावल्या पडवीच्या भिंतीवर येऊन डुलायला लागायच्या, शेजारच्या आवाठातल्या घरांमधला टीव्ही विरत विरत बंद व्हायचा, सासूबाई डोळ्यांवर पदर ओढून आडव्या व्हायच्या. पडवीतल्या लांब लाकडी बाकावर गोधडी घालून आठ महिन्यांच्या बायला निजवलेलं असायचं. बाय झोपायची नाही आणि रडायचीही नाही. भिंतीवरच्या सावल्या जिकडे सरकतील तिकडे तिचे डोळे सरकायचे, उथळ पाण्यातल्या मासोळ्यांसारखे.

बारशात तिचं नाव अन्विता ठेवलं होतं. ते लसीच्या कार्डावर होतं. घरात ती बाय.

सासूबाईंचा श्वास लांब झाला की सारिका बाकाच्या मागे जाऊन उभी राहायची आणि बायच्या डोक्यामागून हाक मारायची. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. मग हात उंच धरून टाळी, वारा लागणार नाही अशी. मग वाटीवर चमचा. बाय सावल्यांकडे बघत राहायची. सारिका मोबाइलमध्ये तारीख घालून लिहायची. हाक: नाही. वाटी: नाही. कुकरची शिट्टी: नाही. त्यातच एखाद्या दिवशी मध्येच एक ओळ यायची. वाळूचा ट्रॅक्टर गेला: बघितलं. त्या एका ओळीवर तिचे चार दिवस निघायचे.

तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं असं नाही. नवरा, सुदेश, मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. व्हिडिओ कॉलवर तो हसला होता. "तू बी.एस्सी. झालंस मा, थंयच घोळ झालो. वाचूचा बंद कर जरा." सासूबाई, सावित्रीबाई, तर रागावल्याच होत्या. "पोर शांत आसा म्हणान तुका घास गिळूक गावता. लोकांची पोरां बघ, आरडान घर डोक्यार घेतत." शांत. येणारीजाणारी प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून तोच शब्द म्हणायची. माहेरी बाळंतपण झालं त्या दवाखान्यात बाळांचे कान तपासायचं यंत्र बिघडलेलं होतं. नंतर आणा, म्हणाले होते. नंतर म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. हे न विचारणं तिला आता रोज दुपारी टोचायचं.

या घरात वरचेवर येणारी एक मुलगी होती, लविना. बांदा गावची. मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं नेमून देतात. त्यांनी त्या घरांत जायचं, माणसं ओळखीची करायची, रक्तदाब, वजनं, खाणंपिणं बघायचं. कागदावर त्याला कुटुंब दत्तक घेणं म्हणतात. लविनाच्या वाट्याला हे घर आलं होतं. पहिल्याच दिवशी सावित्रीबाईंनी तिला बाकावर बसवून विचारलं होतं, "दत्तक घेतलंस मा आमका? मगे ह्यो पत्रो गळता, तो कोण बघतलो?"

"काकी, तुमका घेतलंय, पत्र्याक नाय," लविना म्हणाली होती, आणि तिथून त्या दोघींचं जमलं.

रक्तदाब मोजायला ती सावित्रीबाईंच्या दंडावर शिकली. पहिल्यांदा तिनं पट्टा इतका फुगवला की सावित्रीबाई म्हणाल्या, "हात हंयच काढून घेतंस काय गो, का घरा नेतंस?" पुढच्या खेपांत ती आणखी बरंच शिकली. "गोळी घेता ना?" असं विचारलं की काकी हो म्हणतात, "पट्टी दाखवा" म्हटलं की चहापुडीच्या डब्यातून पट्टी निघते आणि तिच्यात अर्ध्या गोळ्या तशाच असतात. सारिका तेव्हा पोटुशी होती. चूल फुंकता फुंकता हे सगळं ती बघायची. बघणं हा तिचा स्वभावच होता. लविना पांढरा कोट चढवला की पुस्तकी मराठी बोलते, कोट काढला की बांद्याची होते, हेही तिनं टिपलं होतं.

आता लविना तिसऱ्या वर्षाला होती आणि महिनाभर गावच्या आरोग्य केंद्रात शिकत होती. काजू मोहरायला लागले होते. एका मंगळवारी ती कोटातच आली, हातात यादी घेऊन. बाळ आधारानं बसतं का, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतं का, आवाजाकडे वळतं का.

बाय बसली. बायनं लाकडी चमचा या हातातून त्या हातात घेतला. लविना खूण करत गेली, आणि मग पिशवीत हात घालून थांबली.

"खुळखुळा आणायचा राहिला," ती म्हणाली.

"खुळखुळो कित्याक व्हयो?" सावित्रीबाई उठल्याच. "माझ्या चारय पोरांचे कान मी ताट वाजवन बघलंय. आमच्यात तशीच रीत आसा."

त्या आत गेल्या आणि जुनं पितळेचं ताट आणि लोखंडी कालथा घेऊन आल्या. बाय बाकावर पालथी होती, तोंड खळ्याकडे. सावित्रीबाईंनी ताट तिच्या पायांमागे बाकावर उभं धरलं, कड फळीला टेकवून, आणि कालथ्यानं एक ठोका दिला.

बाय अंगभर दचकली आणि मान वळवून मागे बघायला लागली.

"बघ," सावित्रीबाई म्हणाल्या. "ह्येका पल्याडच्या आवाठातली कुजबुज पण ऐकाक येतली. माझ्यार गेलां चेडू."

लविना खुलली. केंद्रातले डॉक्टर नेहमी सांगायचे की घरात जे असेल त्यानं तपासायला शिका, आणि हे तर थेट स्वयंपाकघरातून आलं होतं. तिनं यादीत खूण केली आणि शेजारी लिहिलं: आवाजाला प्रतिसाद आहे.

सारिका बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, तळहात फळीवर टेकून. ठोका पडला तेव्हा तिच्या तळहाताला मुंग्या आल्या होत्या. लविनासाठी बाकावर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी शहारलं होतं, कडेपासून आत बारीक बारीक वर्तुळं. ती त्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि म्हणाली, "चहा ठेवतंय."

लविना गेल्यावर, सासूबाई आडव्या झाल्यावर, तिनं बाकाच्या खालच्या अंगाला एका बोटानं टकटक केली. अगदी हलकी, तिची तिलाही नीट ऐकू न येणारी. बायनं मान वळवली. मग तिनं बायला खांद्यावर घेतलं, ताट दुसऱ्या हातात अधांतरी धरलं आणि खांबावरच्या खुंटीवर आपटलं. घर दणाणलं. आतून सासूबाई ओरडल्या, "काय पडला गो?" बाय तिच्या मानेत नाक घुसवून केसांची बट चोखत होती.

"ताट पडला," सारिका म्हणाली.

वाळूचा ट्रॅक्टर गेला की आधी जमीन हलते, हे तिला तेव्हा कळलं. ती पायरीवर बसून राहिली. माडांच्या पलीकडे समुद्र होता, तो तिला इथवर ऐकू यायचा, जन्मल्यापासून कुठला ना कुठला समुद्र तिला ऐकू आलेला होता. आणि तिच्या मांडीवरच्या या एवढ्याशा जीवाला तो कधी सांगावा लागेल, हात करून दाखवावा लागेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि कानांवर हात दाबून धरले. आत नुसतं स्वतःचं रक्त वाजत होतं. बायला तेही वाजत नसेल. तिला फक्त उब असेल, वास असेल, सावल्या असतील आणि अधूनमधून खालून येणारी एखादी थरथर. कितीतरी वेळ ती तशीच बसली, आणि त्या वेळात तिला भीती वाटली नाही. भीती परत आली ती डोळे उघडल्यावर.

गुरुवारी लविनानं त्यांना केंद्रात बोलावलं होतं. विद्यार्थ्यांनी आपण तपासलेली बाळं डॉक्टरांसमोर मांडायची होती. सावित्रीबाई नवं लुगडं नेसून बरोबर आल्या.

डॉक्टर सत्यवान तुळसकर बारीक अंगाचे होते आणि सावकाश बोलायचे. त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. पेशंट आत आला की विद्यार्थ्यांनी पहिली पाच मिनिटं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. शिवायचं नाही, लिहायचं नाही, नळी कानाला लावायची नाही. नुसतं बघायचं. भिंतीला लागून लविना धरून चार पोरं तशी उभी होती, शाळेत शिक्षा झाल्यासारखी, आणि एकाचं नाक खाजत असावं, कारण तो ते खांद्याला घासायची खटपट करत होता. सारिकाला हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की गेले तीन महिने आपण हेच करतोय, फक्त आपली पाच मिनिटं कुणी संपवलेली नाहीत.

लविना पुढे झाली. "आठ महिन्यांची मुलगी. वजन सात किलो चारशे. आधारानं बसते. आवाजाला प्रतिसाद देते."

"कशावरून?"

"ताट वाजवलं, सर. पितळेचं. खुळखुळा नव्हता माझ्याकडे."

"छान केलंस," डॉक्टर म्हणाले. "ताट कुठं होतं?"

"बाकावर."

"आणि मुलगी?"

"बाका..." लविना थांबली. तिचे कान लाल झाले. डॉक्टरांनी तिला तशीच राहू दिलं.

"आईला काय वाटतं?" त्यांनी मग विचारलं.

"आईची तक्रार नाही, सर."

"तक्रार नाही, की तू विचारलं नाहीस?"

लविनानं सारिकाकडे बघितलं.

"मग आता विचार. आणि विचारून झालं की गप्प बस. कितीही वेळ लागू दे."

"काय वाटूचा तिका?" सावित्रीबाई म्हणाल्या. "पोर एकदम शांत आसा, डॉक्टर. वाड्यात असा दुसरा पोर नाय."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले आणि त्यांची भाषा बदलली. "काकी, माझा एक काम करशात? ह्या पोरांका दंडाक पट्टो बांधूक धड येना नाय. पल्याडल्या खोलयेत जावन जरा शिकवा त्येंका. तुमका सवय आसा."

"तां माका ठावक आसा. ह्या लविनाक पण मीच शिकयलंय," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि तिघा पोरांना पुढे घालून निघाल्या. "चला रे. हात सोडा आता, चोर धरल्यासारे."

लविनानं कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं आणि सारिकासमोर बसली, इतकी खाली की तिला वर बघावं लागलं. कोट अंगावरच होता.

"वयनी," ती म्हणाली, "तुमका काय वाटता?"

आणि गप्प बसली.

सारिका बायकडे बघत होती. खिडकीला हिरवा पडदा होता आणि ऊन त्यातून येत असल्यानं सगळी खोली हिरवट झाली होती, तळ्याच्या तळाशी असते तशी. बाहेर कुणीतरी केसपेपरचे नंबर पुकारत होतं, ते फार वरून, पाण्याच्या पृष्ठभागावरून आल्यासारखं येत होतं. लविनानं मध्येच तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिनं हातातलं पेन इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली होती. सारिकाला वाटलं, या पोरीला किती जड जातंय. एवढंसं बसून राहायला. आपल्याला विचारून कुणी असं थांबलं नव्हतं. सुदेशनं विचारलं होतं, पण त्याच्या प्रश्नातच उत्तर असायचं.

"तिका ऐकाक येना नाय," सारिका म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिनं स्वतःचाच आवाज ऐकला. तो साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हटल्यासारखा. तिनं मोबाइल उघडून लविनाच्या हातात दिला. लविना वाचत गेली, अंगठ्यानं वर सरकवत. डॉक्टर तिच्या खांद्यावरून वाचत होते. तीन महिन्यांच्या तारखा. मध्ये एके ठिकाणी: पूर्वी हुंकार द्यायची, आता कमी. सगळ्यात खाली मंगळवार. ताट बाकावर: बघितलं. ताट हातात: नाही.

"त्या दिशीच माका कित्याक नाय सांगलास?" लविनानं विचारलं.

"तू 'आहे' असा लिवलंस," सारिका म्हणाली. "माका बरा वाटला. घटकाभर. म्हटलं, डॉक्टरणीन लिवल्यान, तर आसात."

लविनानं मोबाइल सारिकाला परत दिला. मग उठून उभी राहिली. "सर, माझं चुकलं."

"हो," डॉक्टर म्हणाले. "घरातलं ताट घेतलंस ते बरोबर. ते कसं वाजतंय ते बघितलं नाहीस. आणि जी रोज बघते तिला विचारलं नाहीस." त्यांनी टेबलावरची पत्रं लिहायची वही तिच्याकडे सरकवली. "ती आठ महिन्यांची आहे. हे कळायला उशीर झालेला नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालयात कानांच्या तपासणीसाठी पत्र लिही. मी सांगणार नाही काय लिहायचं."

लविना लिहायला बसली. दर दोन ओळींनी ती सारिकाला विचारत होती: हुंकार कधीपासून कमी? घरात आणखी कुणाला? गरोदरपणात ताप? पत्राची पहिली ओळ सारिकाला उलटी वाचता आली. 'आईने तीन महिने केलेल्या निरीक्षणानुसार.' त्याखाली तिच्या मोबाइलातल्या तारखा एकाखाली एक उतरत होत्या. डॉक्टरांनी वाचलं, एक शब्द सुधारला आणि सही केली.

"आता काकींना कोण सांगणार?" ते म्हणाले.

सारिका आणि लविना दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"मी सांगते," लविना म्हणाली.

सावित्रीबाई परत आल्या त्या रुबाबात. तिघांतल्या एकाला पट्टा बांधणं जमलं होतं, दुसऱ्याला जमण्यासारखं होतं, तिसऱ्याबद्दल त्यांनी हात उडवला. लविनानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. आधी पुस्तकी मराठीत सुरू केलं, मग मध्येच ते सोडून दिलं. सावित्रीबाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, नाही नाही अशी.

"मी ताट वाजयलंय. तुझ्या डोळ्यांदेखत पोर वळला."

"काकी, ताट बाकार होता. बाक हाललो."

"बाक कसो हालता? तो फणसाचो आसा."

लविना मलमपट्टीच्या खोलीत जाऊन स्टीलचा ट्रे आणि एक चिमटा घेऊन आली. "तुमीच बघा. हातात धरून. मी काय करणंय नाय."

सारिकानं बायला मांडीवर घेतलं, तोंड खिडकीकडे. सावित्रीबाई मागे उभ्या राहिल्या. त्यांनी ट्रे उंच धरला आणि चिमट्यानं मारला. दाराशी बसलेली एक म्हातारी दचकून आत बघायला लागली. बाय हिरव्या पडद्याकडे बघत होती. सावित्रीबाईंनी आणखी जोरात मारला. पडद्याची कड वाऱ्यानं उचलली गेली आणि बाय हसली, पडद्याला. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला, पण मारला नाही. ट्रे हळूच टेबलावर ठेवला, आवाज होऊ नये असा, आणि खुर्चीत बसल्या.

त्या म्हणाल्या, "लय शांत आसा, लय शांत आसा, म्हणान मीच सगळ्यांका सांगत रवलंय."

सारिकाला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला राग येईल. जपून ठेवलेला होता तो. पण लुगड्याच्या घड्या नीट करत बसलेली ती बाई एकदम लहान दिसायला लागली होती. सारिकानं बायला त्यांच्या मांडीवर दिलं.

पुढच्या आठवड्यात त्या तिघी आणि बाय एसटीनं ओरोसला गेल्या. लविनाला यायची सक्ती नव्हती. सुदेश येतो म्हणाला होता, रजा मिळाली नाही. सकाळपासून त्याचे चार फोन आले. बाय झोपल्याशिवाय तपासणी होत नव्हती. सावित्रीबाईंनी तिला खांद्यावर घेऊन त्या लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या घातल्या, तेव्हा कुठे ती झोपली. मग एक बंद, मऊ भिंतींची खोली. बायच्या कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्या, पडद्यावर रेघा. सारिका रेघांकडे बघत होती. त्या दूरवरच्या, वारा पडलेल्या समुद्रासारख्या सपाट सरकत होत्या. ज्या बाई यंत्र चालवत होत्या त्यांनी आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, आणि अगदी शेवटी तिथं एक बारीकशी लाट उठली.

दोन्ही कानांनी फार कमी, त्यांनी सांगितलं. पण अगदीच काही नाही असं नाही. यंत्रं बसवता येतील, पुढे कदाचित ऑपरेशन, आणि शिकवणं तर आजपासूनच. तोंडासमोर येऊन बोला. खूप बोला.

"लवकर आणलंत," त्या म्हणाल्या.

सारिकानं लविनाकडे बघितलं. लविनाचे डोळे भरले होते आणि ती हात पाठीमागे बांधून उभी होती.

परतीच्या गाडीत सावित्रीबाईंना खिडकी मिळाली. बाय जागी झाली होती. सावित्रीबाईंनी आधी तिच्या पायाला हात लावला, तिनं बघेपर्यंत थांबल्या, आणि मग आपलं तोंड तिच्या तोंडासमोर आणलं.

"ह्यां कुडाळ," त्या म्हणाल्या. "कुडाळ. हंय तुझ्या आजोबाचा लगीन ठरला."

"आजोबांचा म्हणजे तुमचा पण मा, काकी?" पुढच्या सीटवरून लविना म्हणाली.

"माका कोण विचारूक इल्ला?" सावित्रीबाई म्हणाल्या, बायवरची नजर न काढता.

बाय त्यांच्या ओठांकडे बघत होती, केंद्रातल्या हिरव्या पडद्याकडे बघत होती तशी. मग तिनं हात पुढे केला. आधी तो हनुवटीवर पडला, तिथून घसरला आणि सावित्रीबाईंच्या गळ्यावर, जिथून आवाज निघतो तिथं, सपाट टेकून राहिला. बायच्या भुवया वर गेल्या. सावित्रीबाई क्षणभर थांबल्या तशी तिनं हातानं गळा थोपटला.

सावित्रीबाई पुन्हा बोलायला लागल्या. माड, पूल, कुणाची तरी म्हैस, उघडं पडलेलं भातशेत, जे दिसेल ते. बायचा हात तिथून हलला नाही, आणि उतरायचं वेंगुर्ला आलं तरी त्या बोलतच होत्या.